कोपराला ऐकू येणारा कॉमा

छापखान्यात त्यांना तोंडावर 'काका' म्हणत आणि पाठ वळली की 'कॉमाकाका'. अलीकडे पाठ वळायची वाटही कोणी पाहत नसे, कारण काकांना ऐकू कमी येत होतं.

ही गोष्ट, काकांच्या समजुतीप्रमाणे, जगात दोघांनाच ठाऊक होती: एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको. बायकोकडेही त्यांनी ती कधी कबूल केली नव्हती. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात ती छापखान्यातल्या झाडून सगळ्यांना माहीत होती, शेजारच्या न्हाव्याला माहीत होती आणि न्हाव्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही माहीत होती. पण काका मानी, कामाला चोख, आणि एकदा बिनसलं की दिवसभर गाल फुगवून बसणारे. म्हणून विषय कोणी काढला नव्हता.

काम प्रुफं तपासण्याचं होतं आणि ते दोघांनी मिळून करायचं होतं. मागच्या अंगाच्या खोलीत, खिडकीशी, काकांच्या समोर वाचकबाई बसत. बाई लेखकाच्या हातच्या कागदांवरून मोठ्याने वाचत आणि काका छापून आलेल्या प्रुफावर नजर ठेवून लाल पेनाने चुका काढत. आता शब्द वाचता येतो, पण कॉमा कसा वाचायचा? दर वेळी 'कॉमा, कॉमा' म्हणत बसलं तर वाक्याचा पार भुगा होतो. म्हणून या छापखान्यात एक जुनी रीत होती. बाईंच्या हातात एक लाकडी रूळ असे. कॉमा आला की टेबलावर एक ठोका, फुलस्टॉपला दोन, आणि परिच्छेद बदलला की रूळ टेबलावरून खर्रकन ओढायचा. नवख्या माणसाला बाहेरून वाटे की आत कोणीतरी सुतार इंग्रजी शिकतोय.

गेली काही वर्षं बाईंचा आवाज काकांपर्यंत पोचता पोचता बराचसा वाटेत सांडत असे. शब्दांचं त्यांनी भागवलं होतं. ते समोर छापलेले दिसत होतेच, थोडेफार ऐकू येत, उरलेले बाईंच्या ओठांवरून उचलता येत. कॉमा मात्र ओठांवर उमटत नाही. तो काकांना डाव्या कोपरातून कळायचा. टेबल शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळातलं, अखंड लाकडाचं, चौघांना न उचलवणारं होतं. बाईंनी पलीकडे ठोकलं की अलीकडे काकांचं हाड न् हाड 'कॉमा' म्हणायचं. कोपर टेकून, गाल तळहातावर ठेवून काका असे काही तल्लीन बसत की पाहणाऱ्याला वाटावं, गाणं ऐकतायत.

बाईंनी ही कोपराची भानगड फार पूर्वी ओळखली होती. त्या काही बोलल्या नाहीत. ठोका तेवढा जोरात मारू लागल्या. दर वर्षी थोडा आणखी जोरात. शेजारचा न्हावी सांगे की दाढी करताना तो बाईंच्या फुलस्टॉपला वस्तरा उचलतो.

काकांना भीती होती ती घड्याळाची. त्यांच्या आधी त्या खुर्चीत बसणारे गृहस्थ डोळ्यांनी अधू झाले, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांचा सत्कार केला, त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. फार हृद्य समारंभ झाला. ज्याला काटे दिसत नाहीत आणि वेळेवर कुठे पोचायचंही नाही त्याला घड्याळ द्यावं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. काकांच्या मनात मात्र ते घड्याळ कायमचं टांगलं गेलं. त्यांना त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. घरी बसून करायचं काय हा प्रश्न होताच, पण खरं कारण वेगळं होतं. लोकांच्या वाक्यांमध्ये ये-जा करणं त्यांना मनापासून आवडत होतं.

अशात हेडमास्तरांचं पुस्तक आलं.

हेडमास्तर निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, आणि आवाज इतका मऊ की ज्याला ऐकू येतं त्यालाही पुढे झुकावं लागे. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवलं आणि त्या आयुष्याचा निष्कर्ष असा काढला की मुलांना बाकी सगळं येतं, कॉमा येत नाही. म्हणून इंग्रजीत कॉमा कुठे द्यावा आणि कुठे देऊ नये, यावर त्यांनी एक अख्खं पुस्तक हाताने लिहून काढलं होतं. एवढ्याशा शेपटीच्या टिंबावर एवढा गठ्ठा पाहून धाकटे मालक चकित झाले. आता छापखाना तेच पाहत होते.

"मास्तर, एवढं काय असतं हो त्यात?"

"काहीच नसतं," हेडमास्तर म्हणाले. "म्हणून तर लोक कुठेही टाकतात."

काकांना पुस्तक पहिल्या पानापासून आवडलं. हेडमास्तर समजावत होते ते इंग्रजी, पण उदाहरणं घरची. तीन वस्तूंची यादी आली की मधे कॉमा द्या. शेवटच्या 'अँड'च्या आधी द्यायचा की नाही यावर मोठमोठे लोक भांडतात. तुम्ही भांडू नका, एक बाजू धरा आणि पुस्तकभर ती सोडू नका. दोन पूर्ण वाक्यं 'बट'ने जोडलीत तर 'बट'च्या आधी कॉमा द्या, कारण 'पण' म्हणण्याआधी शहाणा माणूस श्वास घेतोच. वाक्याच्या सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना केलीत, तर मुद्द्यावर येण्याआधी कॉमा द्या. 'माझा भाऊ, जो परदेशात असतो, तो उद्या येतोय' अशासारख्या वाक्यात मधली जादा माहिती दोन कॉमांच्या मध्ये ठेवा. एक उघडलात तर दुसरा मिटायला विसरू नका, दाराला दोन फळ्या असतात. पण भाऊ चार असले आणि त्यातला नेमका कोणता हे सांगायचं असलं, तर ती माहिती जादा नाही, तिथे कॉमा नाही. आणि काहीही झालं तरी कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा बसवू नका. दोघांचं छान चाललेलं असतं, आपण मधे जाऊन बसायचं नाही.

हे शेवटचं वाक्य काकांनी घरी बायकोला वाचून दाखवलं.

"छान आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?"

"हो, खूपच छान आहे."

बायको हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्या समोर, उजेडात उभी राहिली. "अहो, कानाचा डॉक्टर. कधी?"

"मला काय धाड भरलीय? तू भिंतीकडे तोंड करून बोलतेस."

"भिंत तरी ऐकते," बायको म्हणाली आणि आत गेली. हे काकांना नीट ऐकू आलं, पण त्यांनी सोयीने सोडून दिलं.

पहिली तीन प्रकरणं जुन्या टेबलावर सुरळीत पार पडली. रोज संध्याकाळी हेडमास्तर येत, दुरुस्त केलेली पानं पिशवीत घालून घरी नेत, आणि दुसऱ्या दिवशी "फार काळजीपूर्वक काम" असं म्हणत परत आणत. काका ते त्यांच्या मिशांआडच्या ओठांवरून अंदाजाने वाचत आणि खूश होत.

मग धाकट्या मालकांना खोली सुधारण्याची लहर आली. शाळांची माणसं पुस्तक पाहायला येणार, मागची खोली म्हणजे अगदी भंगारचं दुकान वाटतं, असं त्यांचं मत पडलं. एका सकाळी काका येऊन पाहतात तर खिडकीला नवा पडदा, आणि टेबलाच्या जागी दोन वेगवेगळी डेस्कं. पातळ पत्र्याच्या पायांची, वर काच. एक काकांना, एक बाईंना, आणि मध्ये बोटभर फट. जुनं टेबल बांधणीवाल्यांकडे गेलं होतं. त्यांनी त्यावर खळीची बादली ठेवली होती.

"कसं वाटतंय, काका?" मालकांनी तोंड भरून विचारलं.

"चकचकीत आहे," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"आणि बाई, काच आहे हं. रूळ नको. पेन्सिलीने आपलं हळूच."

बाईंनी काकांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि तोंड उघडून मिटलं. सांगायचं म्हणजे काकांच्या देखत सांगायचं, आणि ते त्यांच्याच्याने झालं नाही.

चौथं प्रकरण सुरू झालं. बाई वाचू लागल्या. काकांनी सवयीने डावं कोपर टेकलं आणि वाट पाहिली. काच गार होती. एवढीच बातमी कोपराकडून आली. पलीकडे बाई पेन्सिल टेकवत होत्या हे दिसत होतं, पण कागद आणि पेन्सिल दोन्हींवर एकदम नजर ठेवायची तर ती सरड्याची हवी. बाईंचे ओठ हलत होते, वाक्यं पुढे जात होती, आणि काकांना एकही कॉमा येत नव्हता. फूटपाथ संपल्यावर पाय जसा हवेत पडतो, तसं काहीसं झालं.

'बाई, जरा थांबा' एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर बाईंनी 'का' विचारलं असतं. त्याच्या पुढे घड्याळ होतं.

काकांनी मनाशी हिशेब केला. आपल्याला कॉमा येतो. पुस्तक कॉमाचंच आहे, नियम हेडमास्तरांचेच आहेत, तीन प्रकरणं आपण तोंडपाठ केलीयत. मग हेडमास्तरांनी कुठे कॉमा दिला असेल, हे ठोक्यावाचूनही कळायला हवं. आणि ते कळत गेलं. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एका सहलीचं वर्णन होतं, तिथे तर कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्या मुलीने नुसता कहर केला होता. मामा आणि त्याचं बाजारात जाणं यांच्यामध्ये कॉमा. छत्री, टोपी आणि डबा यांच्यामध्ये काही नाही. 'बट'च्या आधी नाही, नंतर आहे. परदेशातल्या भावाची एक फळी उघडी, दुसरी गायब. काकांनी लाल पेनाने सगळं सरळ केलं. पान हातात धरून पाहिलं तर रक्तदानाचं शिबिर झाल्यासारखं दिसत होतं. पण मन प्रसन्न झालं. ठोक्यावाचून जमलं की.

बाईंना यातलं काही कळायची सोय नव्हती. त्यांची नजर हस्तलिखितावर, आणि इतक्या वर्षांनंतर त्या इंग्रजी वाचत असल्या तरी ते ऐकत नसत. वाचता वाचता त्यांचं मन घरी जाऊन दूध तापवून परत येई. पानं दुरुस्त होऊन निघाली आणि संध्याकाळी हेडमास्तरांच्या पिशवीतून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या प्रकरणाच्या आधीचं एक सुटं पान काकांच्या समोर आलं. बाई वाचू लागल्या. काकांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या हातातलं पेन काचेवर पडलं. त्या पानावर हेडमास्तर विद्यार्थ्यांना म्हणत होते: आता सांगतो. मागच्या पानावरचं सहलीचं वर्णन माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलेलं आहे. त्यात जागोजागी कॉमा चुकलेले आहेत. तुमच्या लक्षात आलं का? मागे जा आणि शोधा.

मागे आता शोधायला काही उरलं नव्हतं. काकांनी सगळं शोधून काढलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ते बांधणीवाल्यांकडे गेले.

"हे टेबल तुम्हाला अडचण होत असेल."

"छे हो, काका. खळीला एकदम झकास. हलत नाही."

"नाही, म्हणजे नेलं तर चालेल का?"

"कशाला? नव्या डेस्कला काय झालं?"

"गुडघे आपटतात," काका म्हणाले. बांधणीवाल्याने त्यांच्या गुडघ्यांकडे सहानुभूतीने पाहिलं आणि खळ ढवळायला सुरुवात केली. काकांनी कुणी पाहत नाहीसं बघून टेबलावर डावं कोपर टेकलं. पलीकडे कोणीतरी पुठ्ठे आपटत होतं. एक, दोन. फुलस्टॉप. त्यांना भरून आलं. कोपराला खळ लागली.

परत येतात तो दारात न्हावी उभा, खांद्यावर टॉवेल तसाच.

"बाई आजारी आहेत का?" त्याने खणखणीत आवाजात विचारलं. "कालपासून ठोकणं बंद आहे. माझं गिऱ्हाईक विचारतंय."

"बऱ्या आहेत," काका म्हणाले. "नवीन काच आहे."

"मग तुमचं कसं होतं?" न्हाव्याने विचारलं, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन दुकानात सटकला. काकांनी तो प्रश्न ओठांवरून स्पष्ट वाचला होता. हा माणूस असं का विचारतो, यावर ते दुपारभर विचार करत राहिले, आणि उत्तर येऊ लागलं की विषय बदलत राहिले.

संध्याकाळी हेडमास्तर आले. बसले. पिशवीतून पान काढून दिव्याखाली धरलं. सगळे जमले: मालक, बाई, काका.

"माझ्या विद्यार्थ्याने," हेडमास्तर मऊ आवाजात म्हणाले, "इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं."

मालकांनी पान घेतलं, लाल खुणांचं जुनं प्रूफ मागवलं, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या ओठांवरून काकांना पुढचं सगळं वाचता आलं.

"बाई, इथे ठोकलं नव्हतं का तुम्ही?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. मग चष्मा न लावताच म्हणाल्या, "नसेल ठोकलं. माझंच लक्ष नसेल. हल्ली होतं असं. वय झालं आता."

मालकांचा चेहरा सहानुभूतीने मऊ झाला, आणि तो नेमका तसा चेहरा होता जसा थोरल्या मालकांचा त्या समारंभात होता. काकांना ते घड्याळ दिसलं, कागदात गुंडाळलेलं, बाईंच्या हातात. आणि बाईंनी ठोकलं होतं. पेन्सिल पुन्हा पुन्हा खाली येताना त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली होती. बाई एरवी कशासाठीही खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दूधवाल्यालाही खरं सांगत.

"बाईंनी ठोकलं होतं," काका म्हणाले. त्यांना वाटलं त्याहून ते पुष्कळ मोठ्याने निघालं. "प्रत्येक ठिकाणी. मला कळलं नाही. मला ऐकू येत नाही."

नव्या पडद्याने वाऱ्यावर मान डोलावली.

"ते माहीत आहे, काका," मालक म्हणाले. "पण आजवर कळत होतं की. आता काय झालं?"

काकांनी मालकांच्या ओठांकडे पाहिलं. चुकीचं वाचलं असेल म्हणून बाईंकडे पाहिलं.

"सगळ्यांना माहीत आहे," बाई म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून. "माझे खांदे दुखतात रोज रात्री, ते काय हौसेने ठोकते म्हणून?"

"न्हाव्यालाही?"

"काकांना ऐकू कमी येतं का, असं त्यानेच मला विचारलं होतं," मालक म्हणाले. "काका, मी लहान असताना तुम्ही मला लाल पेन दिलं होतं आणि माझ्या शाळेच्या निबंधातल्या कॉमाच्या चुका काढायला लावल्या होत्या. तुम्हाला कोणी उठवत नाही. तुम्ही फक्त कसं कळत होतं ते सांगा."

काकांनी डाव्या हाताची बाही वर केली आणि कोपर दाखवलं. त्यावर अजून थोडी खळ वाळलेली होती.

मालकांनी कोपराकडे पाहिलं, डेस्काकडे पाहिलं, मधल्या बोटभर फटीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला आणि बांधणीवाल्यांना हाक घातली. ती हाक काकांनाही ऐकू आली.

"आणि हे पान?" काकांनी हेडमास्तरांना विचारलं. "मूळच्या चुका मी परत घालतो. जशाच्या तशा."

हेडमास्तर काहीतरी बोलले. त्यांच्या मिशा ओठांवर येत असल्यामुळे काकांना नेहमीच अर्धं कळे. बाईंनी ते मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"म्हणतात, चुका परत घाला, आणि तुमचं दुरुस्त केलेलं पान पुस्तकाच्या शेवटी उत्तर म्हणून छापू. उत्तरं लिहायचा त्यांना कंटाळाच आला होता."

काकांची छाती फुगली.

"आणि म्हणतात," बाई पुढे म्हणाल्या, "दोन ठिकाणी तुम्हीही चुकलायत. ते बघा."

जुनं टेबल चौघांना उचलवलं नाही, सहाव्याने हात लावल्यावर हललं. खळीचे डाग गेले नाहीत. मालकांनी शाळेच्या माणसांसाठी वर एक चादर घालायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा काका आणि बाई दोघंही एकदम 'नको' म्हणाले. काचेची डेस्कं हिशेबनिसाला गेली. त्याला कशाचंच काही ऐकायचं नसे.

घरी बायकोने सगळी हकिगत ऐकून घेतली.

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी मात्र इतकी वर्षं लोकांना सांगते, 'ह्यांचं लक्ष नसतं' म्हणून."

पुढच्या आठवड्यात ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काकांनी वाटेत एकदाच विरोध केला आणि तोही पुरेसा नव्हता. कानात बसवलेलं यंत्र शेंगदाण्याएवढं होतं. त्याने पहिल्या दिवशी काकांना सांगितलं की आपली पायताणं वाजतात, नळ गळतो, आणि बायको काम करताना गुणगुणते. हे तिसरं त्यांना माहीत नव्हतं. ते खूप वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले, आणि तिने वळून "काय हवंय?" विचारल्यावर "काही नाही" म्हणाले.

सोमवारी ते छापखान्यात आले, यंत्र लावून. बसले. डावं कोपर टेकलं, गाल तळहातावर ठेवला. बाईंनी पुढचं प्रकरण उघडलं, रूळ उचलला आणि वाचायला सुरुवात केली. बाईंचा आवाज काकांना वाटला होता त्याहून बारीक निघाला. मग पहिला कॉमा आला.

काका खुर्चीतून हललेच. कान दाबून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "केवढ्या जोरात ठोकता हो तुम्ही?"

बाईंनी रूळ टेबलावर ठेवला. चष्म्यावरून त्यांनी काकांकडे बराच वेळ पाहिलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण हेडमास्तरांचं वाक्य अर्ध्यावर होतं. म्हणून त्यांनी रूळ पुन्हा उचलला, जिथे थांबल्या होत्या तिथून वाचायला लागल्या, आणि पुढचा कॉमा आला तेव्हा भिंतीपलीकडे न्हाव्याने वस्तरा उचलला.